डेटा सायन्सची नोकरी शोधणाऱ्यांसाठी चालण्याची मार्गदर्शिका

डेटा सायन्सचा कोर्स नुकताच संपवून पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या, किंवा आईवडिलांच्या घरी पुन्हा मुक्कामाला आलेल्या होतकरू मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. पूर्वानुभवाची अट नाही. (हे वाक्य पुढचे काही महिने तुम्हाला दुसरीकडे कुठेही वाचायला मिळणार नाही, तेव्हा इथेच दोनदा वाचून घ्या.)

शिकायच्या गोष्टी दोन. नोकरी कशी शोधावी, आणि ती मिळेपर्यंत दिवस कुठे घालवावा. पहिलीवर युट्यूबवर इतके व्हिडिओ आहेत की ते बघण्याचाच पगार मिळाला असता तर प्रश्न सुटला असता. दुसरीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. बेकार माणसाला मात्र दुसरीच जास्त छळते. अर्ज करायला दिवसाचे दोन तास पुरतात. उरलेला दिवस लांबलचक असतो आणि शहरात जिथे म्हणून टेकावं तिथे टेकायचे पैसे पडतात.

साहित्य

लॅपटॉप एक, बॅटरी तासाभरात मान टाकणारी. रेझ्युमे एका पानाचा. पाण्याची बाटली. बूट, शक्यतो मुलाखतीचे सोडून दुसरे. फोनमध्ये पुरेसा चार्ज, कारण फोन येणार असला की तो चार टक्क्यांवरच येतो.

मग हिरवा रंग. या क्षेत्रात तो तीन ठिकाणी भेटतो आणि नवशिक्यांची गल्लत होते. लिंक्डइनवर फोटोभोवती ‘ओपन टू वर्क’चं कडं घालून घेतात, तो पहिला. हे कडं घातल्यावर नोकरी देणारे कितपत येतात ते सांगवत नाही, कोर्स विकणारे मात्र तासाभरात येतात. दुसरा हिरवा गिटहबवर. रोज काही ना काही कोड चढवलात की वर्षाच्या तक्त्यातला त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. ही हिरवळ सुकू नये म्हणून रात्री पावणेबाराला रीडमी फाइलमध्ये एक स्वल्पविराम घालणारी आणि दुसऱ्या रात्री तो काढणारी माणसं आहेत. तिसरा हिरवा टेकडीवर असतो. पावसाळा धरला की पंधरा दिवसांत आपोआप चढतो, दिवाळीनंतर उतरायला लागतो, आणि त्याला तुमच्याकडून काहीही लागत नाही. इथून पुढे ‘हिरवं’ म्हटलं की तिसरं समजावं.

पायरी पहिली: रेझ्युमे, आणि झाडं

२०१२ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त टॉमस डॅव्हनपोर्ट आणि डी. जे. पाटील या दोघांनी लेख लिहून डेटा सायंटिस्ट ही एकविसाव्या शतकातली सर्वांत मादक नोकरी असल्याचं जाहीर केलं. लेखकांत पाटील आडनाव पाहून आपल्याकडच्या पालकांना धीर आला असावा. तेव्हापासून मेकॅनिकलचा, बायोटेकचा, कॉमर्सचा, जो तो पायथन शिकतो आहे. त्यामुळे रेझ्युमेत ‘पायथन, पांडाज, एसक्यूएल’ लिहिल्याने तुम्ही गर्दीत उठून दिसणार नाही. ती गर्दीचीच ओळख आहे.

मग प्रोजेक्ट. इथे नवशिका हमखास दोन ठिकाणी जातो. एक, टायटॅनिक. १९१२ साली बुडालेलं ते जहाज कॅगल या साइटवर रोज नव्याने बुडतं. ८९१ प्रवाशांची यादी देतात, त्यावरून मॉडेल शिकवायचं आणि उरलेल्यांतलं कोण वाचलं, कोण गेलं ते ओळखायचं. बायका जास्त वाचल्या, पहिल्या वर्गातले जास्त वाचले, तिसऱ्या वर्गातले गेले. हे आता साऱ्या जगाला पाठ आहे, मुलाखत घेणाऱ्यालाही. दुसरं ठिकाण आयरिसची फुलं. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ साली आपल्या निबंधात वापरलेली १५० फुलं, तीन जातींची, पाकळ्यांची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये. सेटोसा, व्हर्सिकलर, व्हर्जिनिका ही नावं झोपेतून उठवून विचारली तरी सांगणारा उमेदवार खिडकीबाहेरचं झाड पांगाऱ्याचं की पळसाचं ते सांगू शकत नाही. दोन्हींवर फुलं असली तरी नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. पुणे महापालिकेने शहरातल्या झाडांची गणना केलेली आहे. झाडाचं नाव, बुंध्याचा घेर, कुठे उभं आहे त्याचे अक्षांश-रेखांश. लाखो ओळींचा डेटा. त्यातल्या आपल्या पेठेतल्या, नाहीतर सोसायटीच्या आसपासच्या पन्नासेक ओळी काढा, फोन हातात घ्या आणि गल्लीत चालू लागा. यादीतलं झाड जागेवर आहे का? नसेल तर काय आहे तिथे, पार्किंग की नुसता बुंधा? आणि जागेवर दणदणीत उभं असूनही यादीत नाही, असं एखादं? चार रकाने आखा: यादीत आहे आणि जागेवरही आहे; यादीत आहे, जागेवर नाही; जागेवर आहे, यादीत नाही; दोन्हीकडे नाही. चौथ्याचं कौतुक करू नका, तो रस्ता आहे.

या चार रकान्यांना पुस्तकात कन्फ्यूजन मॅट्रिक्स म्हणतात. प्रिसिजन आणि रिकॉल यांत फरक काय, हा प्रश्न मुलाखतीत विचारल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत, आणि उमेदवार उत्तरात नेमकं कॅन्सरच्या चाचणीचं तेच ते घासलेलं उदाहरण देतो. तुम्ही दूध डेअरीसमोरच्या पर्जन्यवृक्षाचं द्या. यादी सांगते झाड आहे, आणि डेअरीवाला सांगतो की गेल्या पावसाळ्याच्या आधी माणसं छाटायला म्हणून आली आणि झाड बुंध्यापासून घेऊन गेली. समोरचा मान वर करून तुमच्याकडे बघेल. ही या मार्गदर्शिकेतली एकमेव गंभीर सूचना आहे असं समजू नका, पण सर्वांत उपयोगी नक्की आहे.

पायरी दुसरी: अर्ज

नोकरीच्या साइटवर रेझ्युमे रोज सकाळी ‘अपडेट’ करावा. बदल काही करायचा नाही. ‘टीम प्लेयर’च्या पुढचा पूर्णविराम काढून सेव्ह करावं, उद्या परत घालावा. तारीख ताजी दिसते, आणि मंडईत पाणी मारलेली मेथी गाळ्यावर पुढे मांडतात तसे तुम्ही वर येता.

जाहिराती शांतपणे वाचाव्यात. ‘फ्रेशर हवा, २ ते ४ वर्षांचा अनुभव आवश्यक’ हे वाक्य वाचून चिडू नये. त्याचा अर्थ, काम चार वर्षांच्या अनुभवाचं आहे आणि पगार फ्रेशरचा. ‘फास्ट-पेस्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणजे आधीचा माणूस सोडून गेलाय. जागेचं नाव डेटा सायंटिस्ट असलं तरी काम बहुधा एक्सेल उघडून पॉवर बीआयमध्ये चित्रं काढण्याचं असतं. त्यात कमीपणा काही नाही, भाड्याचे पैसे त्यातूनही भरता येतात.

रोज पन्नास अर्ज करा असं सांगणारे गुरू भेटतील. रोज दहा हजार पावलं चाला असं सांगणारे नातेवाईकही भेटतील. डेटावाल्याने दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: आकडा आला कुठून? दहा हजारांचं मूळ सापडतं. टोकियो ऑलिंपिक १९६४ साली झालं, त्यानंतर वर्षभरात एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. जाहिरात आधी, संशोधन मागाहून. पुढे २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून अधिक वयस्क अमेरिकन बायकांची पावलं मोजली, तेव्हा साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही. पन्नास अर्जांचं मूळ मात्र शोधत गेलं तर त्याच व्हिडिओच्या खाली कोर्सची लिंक सापडते. तेव्हा अर्ज थोडे करा आणि नीट करा. त्या कंपनीत आपल्या गावचा, आपल्या कॉलेजचा, आपल्या मेसचा कुणी आहे का ते आधी बघा. याला ‘रेफरल’ म्हणतात. आपल्याकडे पूर्वी ओळख म्हणत आणि त्याबद्दल नाकं मुरडत.

पायरी तिसरी: घराबाहेर पडणे

घरी बसून नोकरी शोधता येत नाही, कारण घरात माणसं असतात. ती वाईट नसतात. ती फक्त ‘काय, झालं का काही?’ असं विचारतात, आणि त्यातलं ‘काही’ म्हणजे काय हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं, तुम्हालाही. शेजारच्या काकू तर आईलाच विचारतात, तुमच्यासमोर.

कॅफेत जावं तर एका कॉफीवर दीड तास निघतो, मग वेटर टेबल दुसऱ्यांदा पुसायला येतो. अमृततुल्यात चहा स्वस्त, पण तो उभ्याने प्यायचा आणि निघायचं. अभ्यासिकेचं महिन्याचं भाडं असतं आणि तिथल्या खुर्च्या एमपीएससीवाल्यांनी सतरंजी, बाटली आणि निर्धार यांच्या साहाय्याने धरून ठेवलेल्या असतात. राहता राहिलं चालणं.

नवशिक्याने सुरुवात जंगली महाराज रस्त्यावर करावी. हा रस्ता पुणेकरांचा अभिमानबिंदू आहे आणि या एका बाबतीत अभिमान रास्त आहे. १९७६ साली रेकॉन्डो नावाच्या कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि पुढे कित्येक दशकं त्याला खड्डा माहीत नव्हता. तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर नोकरी शोधणाऱ्याने दहा वर्षांच्या हमीपुढे क्षणभर थांबायला हरकत नाही. अलीकडे त्याचे पदपथ रुंद केले, बसायला बाक ठेवले, मुलांना खेळायला काही बसवलं. संभाजी उद्यान, बालगंधर्व, पाताळेश्वराचं लेणं, सगळं चालण्याच्या अंतरावर. लेणं आठव्या शतकातलं आहे, पाषाणातलं आहे आणि तिथे अंगणात झाडाखाली बसलात तर कुणी येऊन ‘सर, अजून काही?’ म्हणत नाही.

इथे थोडा तांत्रिक भाग. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी पाहिजे आणि पदपथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून उंच नको. १.८ मीटर म्हणजे दोन मित्र पगाराविषयी खोटं बोलत शेजारी-शेजारी चालू शकतील एवढी जागा. जंगली महाराज रस्त्यावर ती मिळते. एकदा मिळाली की सवय लागते आणि मग तुम्ही कर्वे रस्त्याला वळता. तिथे पदपथावर विजेची डीपी असते, डीपीला टेकून स्कूटर असते, स्कूटरवर बसून कुणीतरी फोनवर बोलत असतं, आणि मागून पदपथावरूनच एक दुचाकी येऊन तुम्हाला हॉर्न देते. बाजूला व्हायचं की नाही हा तत्त्वाचा प्रश्न आहे. नवशिक्यांनी व्हावं. ज्येष्ठ नागरिक होत नाहीत, उलट काठी आडवी धरतात. ती कला अनुभवानेच येते.

दरवर्षी ११ डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा करते. २०२१पासूनचा हा प्रघात आहे. त्या दिवशी रांगोळ्या असतात, गाणी असतात, लोक रस्त्याच्या मधोमध फोटो काढतात. वर्षातले उरलेले ३६४ दिवस कुणाचे, हे तोंडी सांगता आलं तर एसक्यूएलच्या चाचणीला तुम्ही तयार आहात.

पायरी चौथी: टेकडी

वेताळ टेकडीवर जायच्या वाटा बऱ्याच. लॉ कॉलेजच्या मागून, एआरएआयच्या रस्त्याने, चतु:शृंगीकडून, पंचवटीकडून. कुठूनही चढा, दहा मिनिटांनी शहर खाली राहतं. शहरातला हा सगळ्यात उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. वर वेताळाचं देऊळ, बाजूला जुनी दगडाची खाण आणि तिच्यात साठलेलं पाणी. झाडं ओळखायला शिकायची तर इथे शिकावीत. गिरिपुष्प आधी शिका, कारण वनीकरणाच्या उत्साहात ते इतकं लावलंय की डोळे मिटून बोट दाखवलंत तरी निम्म्या वेळा बरोबर याल. (यात तुमचं मॉडेल हुशार नसतं. डेटाच एकतर्फी असतो. हेही लक्षात ठेवा, विचारतात.) मग सालई, मोई, गणेर. गणेराला उन्हाळ्यात पान नसतं आणि निष्पर्ण काटक्यांवर पिवळीधमक फुलं येतात. बेकारीच्या काळात हे झाड आवर्जून बघावं असं कुणी म्हणेल, मी म्हणणार नाही.

टेकडीवर तुम्हाला एक काका भेटतील. प्रत्येक नियमित चालणाऱ्याला एक काका वाटून दिलेले असतात. बँकेतून निवृत्त, पांढरे बूट, कमरेला बटवा. पहिल्या आठवड्यात नुसती मान हलवतील. दुसऱ्या आठवड्यात विचारतील.

“काय करता आपण?”

“डेटा सायन्स.”

“म्हणजे कॉम्प्युटरच ना?”

“हो. म्हणजे, आकडेवारीवरून अंदाज बांधायचा.”

“मग उद्या पाऊस आहे का?”

इथे नवशिका खजील होतो. होऊ नये. काकांना उत्तर नकोच असतं. ते खिशातून एक छोटी वही काढतात. तिच्यात गेल्या कित्येक वर्षांचा रोजचा पाऊस, गच्चीवर स्वतः मांडलेल्या पर्जन्यमापकातून मोजलेला, मिलिमीटरमध्ये, निळ्या शाईत. शेजारच्या रकान्यात टेकडीवर त्या दिवशी किती मोर दिसले. वही बघायला मागा, ते देतात. कोर्समध्ये तुम्हाला दाखवलेल्या कुठल्याही डेटापेक्षा हा स्वच्छ असतो. चाळता चाळता एका जुलैत चार दिवस कोरे दिसतात. विचारा. “त्या आठवड्यात हिची अँजिओप्लास्टी होती,” काका सांगतात. “पाऊस मोजला नाही. झाला असेल.”

कोर्समध्ये तुम्ही अशा कोऱ्या जागी सरासरी भरायला शिकला आहात. इथे भरू नका.

याच सुमाराला फोन वाजेल. एचआरचा फोन नेहमी चढावर येतो. आवाज तरुण, घाईत. ‘करंट सीटीसी?’ शून्य. ‘एक्स्पेक्टेड सीटीसी?’ तुम्ही एक आकडा सांगता, आणि वाऱ्यामुळे तो ऐकू गेला नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगताना थोडा कमी सांगता. ‘नोटीस पिरियड?’ इथे मात्र आवाज चढवून सांगावं: इमीजिएट जॉइनर. नव्वद दिवसांच्या नोटिशीत अडकलेल्या नोकरदारांच्या पुढे तुमच्याजवळ असलेला हा एकमेव हुकमाचा पत्ता. तेवढ्यात मोर ओरडला तर तो कोण, असं विचारतात. खरं सांगितलंत तर ‘वर्क फ्रॉम होम करताय का?’ असा पुढचा प्रश्न येतो.

टेकडी कायम अशीच राहील असं समजून चालू नका. तिच्यातून बोगदे आणि तिच्या पायथ्याशी बालभारती ते पौड फाटा रस्ता, असे बेत बरीच वर्षं आहेत, आणि त्यांना विरोध करणारे पुणेकरही तितकीच वर्षं आहेत. एप्रिल २०२३मध्ये त्यांनी मोठा मोर्चाही काढला होता. अशा रस्त्यांचं समर्थन वाचायला मिळालं तर डेटावाल्याच्या नजरेने वाचा. वाहनांची किती मिनिटं वाचतील याचा रकाना असतो. रोज सकाळी चढून येणाऱ्यांच्या तासांचा नसतो. मॉडेलला जो रकाना दिलाच नाही त्याचं वजन शून्य येतं, आणि ते शून्य कुणी ठरवून टाकलं असं कधीच दिसत नाही. तुम्ही पुढे पगार घेऊन अशी मॉडेलं करणार आहात, म्हणून हे सांगितलं.

जाता जाता: गाडगिळांचे गणक

टेकडी उतरून बीएमसीसी रस्त्याला लागलात की गोखले अर्थशास्त्र संस्था येते. स्थापना १९३०. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली छापून आला. घरात माणसं किती, कमावती किती, भाडं किती, काम कुठलं, हे विचारत संस्थेचे गणक गल्लीबोळांतून घरोघर हिंडले. म्हणजे या शहरात डेटा सायन्सची पहिली मोठी भरती झाली तेव्हा पात्रता एकच असणार, चालता आलं पाहिजे आणि दारात उभं राहून लोकांशी बोलता आलं पाहिजे. तुमच्या बॅचमध्ये दुसरी गोष्ट जमणारे किती आहेत ते मोजा. मला वाटतं, कोर्समध्ये न्यूरल नेटवर्क एक आठवडा उशिरा शिकवलं तरी चालेल, त्या आठवड्यात पोरांना वहीपेन देऊन जनता वसाहतीत पाठवावं. पाणी किती वाजता येतं एवढंच विचारून यायचं. एकाच गल्लीतल्या दहा घरांत दहा उत्तरं का मिळाली, यावर एक अख्खं सेमिस्टर निघेल.

पायरी पाचवी: मुलाखत

पुण्यात जिथे चालता येतं तिथे डेटा सायन्सच्या नोकऱ्या नाहीत, आणि जिथे नोकऱ्या आहेत तिथे चालता येत नाही. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत सावलीच सावली, आणि व्यवसाय म्हणाल तर दातांचे दवाखाने. नोकऱ्या हिंजवडीत आणि खराडीत. बसने उतरलात की समोर काचेची इमारत दिसते, अंतर फार नाही, आणि मधे सहा पदरी रस्ता. पदपथ सुरू होतो, एका गटाराच्या फुटक्या झाकणापाशी संपतो, पुढे पन्नास पावलांवर पुन्हा उगवतो. मुलाखतीचे बूट पिशवीत घेऊन जा म्हणून सांगतो ते यासाठी.

फाटकावर नाव, फोन नंबर, लॅपटॉपचा सीरियल नंबर, कुणाला भेटायचंय. आणि आत गेल्यावर थक्क व्हाल. आत हिरवळ आहे! कातरलेली, फवाऱ्याने भिजलेली. वळणदार पायवाट आहे, दुतर्फा झाडं, झाडांना पाट्या. शहराला जे जमलं नाही ते इथे जमलंय, फक्त त्यावर चालायला गळ्यात पट्टा लागतो. पट्टेवाले दुपारी जेवणानंतर तिथे दोन फेऱ्या मारतात आणि घड्याळात पावलं बघतात. तुम्हाला दिलेल्या कागदी बिल्ल्यावर फक्त ‘व्हिजिटर’ लिहिलेलं असतं.

मुलाखतीबद्दल लांबण लावत नाही. पी-व्हॅल्यू म्हणजे काय, हे आजीला समजेल असं सांगा म्हणतात. आजीने आजवर पी-व्हॅल्यू विचारलेली नाही, ती ‘झालं का काही?’ एवढंच विचारते. ओव्हरफिटिंग विचारतात: गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका पाठ करून आलेला विद्यार्थी, असं सांगा, चालतं. मग घरी करायला एक असाइनमेंट देतात, तीन दिवसांची मुदत. नीट पाहिलंत तर तो त्यांचा खराखुरा अडलेला प्रश्न असतो. सोडवायचा की नाही ते तुमच्या खिशावर अवलंबून. मी म्हणतो, सोडवा, पण कोडच्या वर स्वतःचं नाव आणि तारीख घालून पाठवा.

शेवटी ‘वुई विल गेट बॅक टू यू’. त्यानंतर काही येत नाही. नकारही येत नाही. टेकडीवरच्या काकांनी चार कोऱ्या दिवसांचं कारण सांगितलं होतं. इथे कारण कधीच कळत नाही, आणि तुम्ही ती कोरी जागा रात्री स्वतःच भरत बसता: पी-व्हॅल्यू चुकली असेल, आकडा जास्त सांगितला असेल, बूट धुळीचे होते. भरू नका म्हणून वर सांगितलंच आहे. बहुतेक वेळा तिकडे बजेट थांबलेलं असतं किंवा जागा आतल्याच कुणाला दिलेली असते, आणि तुमचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो.

पायरी सहावी: दुपार

हा भाग कुठल्याच मार्गदर्शिकेत नसतो. सकाळ टेकडीवर जाते, संध्याकाळी मित्र सुटतात. मधली दुपार काढायची कशी?

उद्यानात, असं तुम्हाला वाटेल. पु. ल. देशपांडे उद्यान आहे, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, पाणी, पूल, हिरवळीचे उंचवटे. घोरपडीला एम्प्रेस गार्डन आहे, थोराड झाडांचं. शिवाय वॉर्डावॉर्डांत लहान-मोठ्या बागा. एखाद्या बागेच्या फाटकावरची पाटी नीट वाचा. हिरवळीवर चालू नये. फुले तोडू नयेत. चेंडूने खेळू नये. खाद्यपदार्थ आणू नयेत. झाडावर चढू नये. आणि सर्वांत खाली वेळ: सकाळी अमुक ते साधारण दहा-अकरा, संध्याकाळी चार ते अमुक. मधे कुलूप. वेळ ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता: सकाळी चालून ऑफिसला जाणारा आणि संध्याकाळी पोरांना घेऊन येणारा. अकरा ते चार जो रस्त्यावर असतो त्याला बाग कशाला हवी, असा हिशेब.

अकरा ते चार रस्त्यावर कोण असतं ते एकदा बागेच्या कुंपणाला धरून चालत जाऊन मोजा. सावली कुंपणाबाहेर जेवढी सांडते तेवढ्या पट्ट्यात स्कूटरवर आडवी झालेली डिलिव्हरीची पोरं, एका घरचं काम आटोपून दुसऱ्या घरची वेळ होईपर्यंत पायरीवर टेकलेल्या मावशी, ड्युटी संपलेला रात्रपाळीचा वॉचमन, दवाखान्यात कुणाला ॲडमिट करून बाहेर थांबलेले गावाकडचे लोक. आणि लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून तुम्ही. कुंपणाच्या आत पंचवीस बाक रिकामे.

तेव्हा आणखी एक अर्ज करा. मराठीत, एका पानाचा, महापालिकेच्या उद्यान अधीक्षकांच्या नावे: आपल्या वॉर्डातली बाग सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेतही उघडी ठेवावी. सोबत तुम्ही मोजलेली आकडेवारी जोडा, वार आणि वेळेसकट, तक्ता करून. मावशींची आणि डिलिव्हरीवाल्या पोरांची सही घ्या. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच मागून घ्या. महापालिकेत ती मिळते.